मेजर आवडीचा, मायनर कामाचा

एका ताईंनी विचारलंय की मुलीला जीवशास्त्र मनापासून आवडतं, पण नोकरीच्या धास्तीने मेजर (पदवीचा मुख्य विषय) कॉम्प्युटर सायन्स घेऊन जीवशास्त्र मायनर (जोडीचा दुय्यम विषय) ठेवावं का. ताई, मला उलटा क्रम पटतो. मेजरचे पेपर वर्षानुवर्षं पुढ्यात असतात आणि शेवटी शेवटी ते चांगलेच कठीण होत जातात. ओढ नसेल तर तिथे मन उडतं, गुणही घसरतात.

मायनर मात्र व्यवहार बघून निवडावा. माझं मत संख्याशास्त्राला. माणसाचा जीनोम, म्हणजे डीएनएमधली संपूर्ण जनुकीय माहिती, वाचणारा मानवी जीनोम प्रकल्प २००३ मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. माणसाच्या एका जीनोममध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात, ती कुणी डोळ्यांनी वाचत नाही. त्यासाठी आर किंवा पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषांमध्ये काम करता यावं लागतं. नव्या औषधाच्या चाचणीत किती रुग्ण घ्यायचे, दिसलेला फरक खरा की योगायोगाचा, हेही संख्याशास्त्रानेच ठरतं. पेशीही कळते आणि प्रोग्रामही लिहिता येतो, अशी व्यक्ती प्रयोगशाळेला हवीच असते.

मॅनेजमेंट मायनर सुचवणाऱ्यांशी मी सहमत नाही. ते पुढे नोकरी करतानाही शिकता येतं, गणिताचा पाया नंतर घालणं फार जड जातं.

एक काम आत्ताच करा. तिला आवडतील अशा नोकऱ्यांच्या दहा-बारा जाहिराती तिच्याबरोबर बसून वाचा आणि पुन्हा पुन्हा येणारी कौशल्यं लिहून काढा. मायनरला कॅल्क्युलस (गणिताची एक शाखा) आधी शिकलेलं लागतं का, तेही कॉलेजला विचारून घ्या. काही ठिकाणी लागतं.