उचल घेऊन दुसऱ्याच्या वावरात गेली, आता पुन्हा दारात उभी आहे. काय करावं?

पऱ्हाटीवाला (दारव्हा तालुका)

गावात आमचं एकच ख्रिस्ती घर. बाबा यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरीच्या, म्हणजे पास्टर घडवणाऱ्या कॉलेजच्या, बागेत कामाला होते. १९८३ साली सेमिनरी पुण्याला गेली. बाबा काही गेले नाहीत, गावी येऊन वावर कसायला लागले. आजही लोक आमच्या घराला ‘मिशनवाल्याचं घर’च म्हणतात. त्यात राग नाही, पण एक अडचण आहे. मिशनवाला म्हटला की त्यानं चिडू नये, मागू नये, हिशोब विचारू नये, अशी सगळ्यांची समजूत असते.

पाच एकर कपाशी आहे, कोरडवाहू. वेचाईला दरवर्षी त्याच चार बाया. त्यातली एक सहा वर्षांपासून येते. पोळ्याच्या आधी तिनं ४,००० रुपये उचल नेली, वेचाईत फेडते म्हणाली. पहिल्या वेच्याच्या दिवशी तीनच बाया आल्या. आमच्याकडे सीतादहीची, म्हणजे वेचाई सुरू करतानाची, पूजा नसते, पण बायको त्या दिवशी दहीभात नेते आणि धुऱ्यावर उभं राहून आम्ही प्रार्थना करतो. (आमच्या पास्टरांना हे फारसं पटत नाही. असो.) दहीभाताचा चौथा वाटा तसाच राहिला. चौकशी केली तर बाई पलीकडच्या वावरात. मी किलोला १० देतो, तिथं १२.

ते गिळलं. पण परवा दिवेलागणीला ती अंगणात आली. ‘भाऊ, पोराले ताप हाये. दोन हजार पायजेत.’ मी म्हटलं, आधीच्या चाराचं काय? तर म्हणते, ‘तुमच्या देवानं त माफ कराले सांगतलं हाये ना?’

माझं डोकंच सरकलं. ‘उद्या ये’ म्हणून दार लावलं. रात्री झोप नाही. बायको म्हणते द्या. मोठा भाऊ म्हणतो एकदा दिले की सारं गाव रांग लावेल. दया करायची म्हणजे बावळट व्हायचं का? ख्रिस्ती माणसांनी सांगा, आणि बाकीच्यांनीही.

नवा_करार

सत्तर वेळा सात माफ करा, असं येशूनं सांगितलंय. आमेन. प्रार्थनेत ठेवतो.

पऱ्हाटीवाला

ठेवा. पण सत्तर वेळा सात उचली द्यायला माझ्याकडे पाचच एकर आहेत, भाऊ.

सिस्टर_परतवाडा

मी कोठाऱ्याच्या कुष्ठरोग दवाखान्यात २८ वर्षं नर्स होते, आता घरी असते. दादा, आधी पोराचं बोला. ताप किती दिवसांचा? अंगावर पुरळ, उलट्या, पोटात दुखणं? प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या, हिवतापाची तपासणी तिथं फुकट होते. पैसे हातात देण्यापेक्षा तुम्ही स्वतः गाडीवर घेऊन गेलात तर जास्त बरं. आणि ‘उद्या ये’ म्हणालात ना, त्यावर बायबलातलं नीतिसूत्रे ३:२८ काढून वाचा. मी इथं लिहीत नाही, तुम्हीच वाचा.

आता उचलीचं. वाटेत लुटलेल्या, जखमी माणसाला उचलून उतारशाळेत नेणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, पण लूक १०:३५ कडे कोणी नीट बघत नाही. त्यानं उतारशाळेवाल्याला दोन दिनार दिले. मत्तय २० मध्ये मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार आहे, म्हणजे दोन रोज दिले. वर म्हणाला, जास्त लागले तर परत येताना देईन. आणि पुढच्या वाटेला लागला. त्यानं घर विकलं नाही, हिशोबही सोडला नाही. वॉर्डात नव्या पोरींना मी हेच सांगायची. जखम धुवायची ती पूर्ण धुवायची, पण ड्युटी संपली की घरी जायचं, नाहीतर महिन्याभरात पेशंटवरच खेकसायला लागाल.

तुम्ही वहीत उचल लिहिली आहे, ती राहू द्या. पोराचे दोन हजार त्या वहीत चढवू नका.

मोझरी_फाटा

मी ख्रिस्ती नाही. माही माय तीस वर्सं झाली कापूस वेचते, म्हून बोलतो. राग नका मानू.

भाऊ, तुम्ही दया-माफीचं इचारता. म्या साधं इचारतो. काटा कोनाचा हाये? स्प्रिंगचा ताणकाटा का डिजिटल? गाठोड्याच्या कापडापायी किती कापता? माह्या मायच्या गाठोड्यातून एक किलो कापतात. ते कापड म्या घरी मोजलं होतं. एक किलो कधीच भरलं नाई.

पऱ्हाटीवाला

ताणकाटाच आहे, बाबांच्या वेळचा. गाठोड्यामागे एक किलो कापतो, खरं आहे. पण त्यात सकाळची ओलही धरलेली असते. आम्ही सरकारी केंद्रावर कापूस नेला की ८ टक्क्यांच्या वर ओलावा असला तर आमचेही पैसे कापतात, १२ च्या वर तर गाडीच परत. तो तोटा कोणी भरायचा?

मोझरी_फाटा

ओल त सकाळच्या गाठोड्यात असन. दुपारच्या गाठोड्यातून कायले कापता मंग?

सिस्टर_परतवाडा

याला उत्तर द्या दादा.

पऱ्हाटीवाला

पाच दिवसांनी लिहितोय. पोराला मी नेलं होतं. हिवताप नव्हता, डेंग्यू निघाला. तीन दिवस सलाइनवर होता, आता घरी आहे, भात खातो. ते पैसे वहीत लिहिले नाहीत.

कापड मोजलं. ताणकाट्यावर भरवसा नव्हता म्हणून किराणा दुकानात नेऊन मोजलं. ३५० ग्रॅम. म्हणजे गाठोड्यामागे ६५० ग्रॅम मी खात होतो. दिवसाची दोन गाठोडी, १,३०० ग्रॅम, १० च्या भावानं १३ रुपये. एका बाईचे मोसमात २० दिवस धरले तर २६० रुपये. सहा वर्षांचे १,५६०. भाव आधी कमी होता, पण तो फरक मी माझ्या बाजूनं धरत नाही.

बायकोला आकडा दाखवला तर म्हणाली, बायबलातल्या जक्कयानं लुबाडलेलं चौपट परत दिलं होतं. चौपट म्हणजे ६,२४०. उचल फिटून वर मीच देणेकरी! तिला म्हटलं, जक्कय जकातीवाला होता, श्रीमंत होता. ती काहीच बोलली नाही. हे तिचं काहीच न बोलणं मला चांगलं ठाऊक आहे.

काल तिच्या घरी गेलो. मनात पूर्ण भाषण जुळवलं होतं. सांगितलं, उचलीतून १,५६० कमी केले, २,४४० राहिले, ते सवडीनं दे. ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, ‘मले ठावं हाये, भाऊ. सारेच कापतात. तिकडं अर्धा कापतात, म्हून गेली.’ दोन रुपयांचं कारण तिनं काढलंच नाही. मग म्हणाली, ‘फरदडीच्या वेचाईले येतो मी.’ (फरदड म्हणजे त्याच झाडांना पुन्हा येणारा उशिराचा कापूस.)

बाकीच्या तिघींनी उचल घेतलीच नव्हती. त्यांना रोख द्यावे लागतील, कापूस विकल्यावर देईन. मोठा भाऊ बोलत नाहीये, कारण त्याच्या वावरात अजून एक किलोच कापतात आणि त्याच्याकडे दहा बाया आहेत.

एक अजून राहिलं. बाबांच्या वह्या पेटीत आहेत, सेमिनरी सुटल्यापासूनच्या सगळ्या. त्यातल्या पुष्कळ बाया आता नाहीत.

सिस्टर_परतवाडा

पेटी नंतर. आधी काटा बदला.

पऱ्हाटीवाला

हो. गाठोडं लटकवायचा डिजिटल काटा कोणी वापरतं का? वावरात चार्जिंग नाही, सेलवर चालणारा पाहिजे. शंभर किलोपर्यंत.

मोझरी_फाटा

भेटते. तालुक्याच्या बाजारात पाहा. घेतानी त्याच्यावर पाच किलोचं वजन लावून पाहाजा. अन् बायांच्या समोर लावा.