डोंगर वनखात्याचा, मग अडवणारे गावकरी कोण?

कळवणची: काल इथे एका ट्रेकरदादांनी लिहिलं, "मार्गशीर्षात आम्हाला पायथ्याशीच अडवलं, म्हणे डोंगऱ्या देव चालू आहे. जमीन वनखात्याची, मग हे कोण?" वाचून डोकंच फिरलं. डोंगऱ्या देव म्हणजे आम्हा आदिवासींचा डोंगराच्या पूजेचा उत्सव. माऊल्या, म्हणजे व्रत धरलेली माणसं, तेव्हा अनवाणी असतात, नेम पाळतात, रात्रभर पावरी हे फुंकायचं वाद्य वाजतं. भगताने नाही म्हटलं तर माझा सख्खा काकासुद्धा मध्ये शिरत नाही. तिथे तुम्ही बूट घालून, ड्रोन घेऊन येणार? आणि वर्षभर कोण अडवतं तुम्हाला?

गडवाला सातपूर: तो दादा मीच. ड्रोन नव्हता, साधा कॅमेरा होता. अडवायचं तर वनखात्याने अडवावं. उद्या प्रत्येक गाव म्हणेल आमचा देव, फिरा मागे.

पंचवटीचा पक्या: ऑस्ट्रेलियात उलुरू या पवित्र खडकाचं काय झालं? १९८५ मध्ये तिथल्या मूळच्या अनंगू लोकांना जमीन परत मिळाली, तरी पर्यटक चढतच राहिले. "चढू नका" अशी विनंतीची पाटी होती, तिच्या शेजारून लोक वर जायचे. शेवटी २६ ऑक्टोबर २०१९ ला चढाई बंद. त्याआधी तर शेवटची संधी म्हणून रांगा लागल्या!

गडवाला सातपूर: तिथे तीसहून जास्त माणसं मेली म्हणून बंद केलं. श्रद्धेचं श्रेय कशाला?

पंचवटीचा पक्या: भो, अनंगूंचं म्हणणंच ते आहे. आमच्या जागेत पाहुणा मेला तर दुःख आम्हाला. वर संडास नाही, पावसात सगळी घाण खालच्या पाणवठ्यात. खडकाभोवती फिरायला आजही कोणी नाही म्हणत नाही.

गडवाला सातपूर: आणि पर्यटकांपैकी चढणारे २० टक्क्यांच्या खाली आल्यावरच तिथल्या उद्यानाच्या मंडळाने २०१७ मध्ये निर्णय घेतला, हे का नाही सांगत? आधी लोकांनी सोडलं, मग बंदी. तशी वाट बघा ना!

कळवणची: चौतीस वर्षं?

मेनरोडवाला: श्रद्धा राहू द्या, पार्किंगचं बोला. एका गडाखाली गाडीचे पैसे घेतले, पावती मागितली तर पोरगं हसलं.

सिडकोच्या मावशी: पार्किंगचं काय घेऊन बसलात! एका मोठ्या देवस्थानात मी गुडघे धरून चार तास रांगेत, आणि पैसे मोजणारा शेजारून सरळ आत. तो नियम कोणत्या देवाने केला? आदिवासींनी चार दिवस अडवलं की मात्र राज्यघटना आठवते.

मेनरोडवाला: मावशी, देणगी दर्शनाच्या पैशातून अन्नछत्र चालतं.

सिडकोच्या मावशी: मला नको शिकवू. अन्नछत्रात जेवलेय मी, तिथेही वेगळी पंगत होती.

मेनरोडवाला: मग जाऊ नका.

सिडकोच्या मावशी: तू कोण सांगणारा? देव तुझ्या बापाचा का?

गडवाला सातपूर: बघा! मी डोंगराबद्दल हेच म्हणतोय.

कळवणची: नाही दादा. मावशींना पैशासाठी मागे ठेवलं. तुम्हाला कोणी पैसे मागितले? आमच्याकडे आमदार आला तरी चपला काढतो, नेम मोडला तर बाहेर. गेल्या साली एकाने अंगात आलेल्या माझ्या आत्याची रील टाकली, खाली हसण्याच्या दोनशे खुणा. ती आजही त्या पोराचं तोंड बघत नाही. आणि ते पोरगं आमच्याच गावचं, शहरातलं नाही.

अंजनेरीप्रेमी: नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावर गिधाडं आहेत, कंदीलपुष्पाची दुर्मिळ फुलं आहेत. तिथे रस्ता नको म्हटल्यावर टाळ्या वाजवणारे ट्रेकर इथे मात्र हक्क सांगतात.

गडवाला सातपूर: रीलचं वाईट झालं, मान्य. पण मी रील करत नाही, माझ्यावर का? बरं बाई, मार्गशीर्षात नाही येत. वेळ कुठे छापून येते तेवढं सांगा, आमच्या पंचांगात डोंगऱ्या देव नाही.

कळवणची: गावात फोन करा. गडाचं पाणी आटलंय का, हे विचारायला करता ना?

मेनरोडवाला: पार्किंगची पावती कोण देणार, यावर अजून कोणी बोललं नाही.