माध्यमं आणि सौंदर्याच्या कल्पना: डेझर्टेशनला सर्व्हे करू का मुलाखती घेऊ?

होटगीरोडवाली:
नमस्कार सगळ्यांना. मी एमए मास कॉम दुसऱ्या वर्षाला आहे, सोलापुरातच. विषय घेतलाय 'माध्यमांचा कॉलेजच्या मुलींच्या सौंदर्याच्या कल्पनांवर होणारा प्रभाव'. सिनॉप्सिस पास झालं पण मेथडॉलॉजीच्या चॅप्टरला येऊन गाडी अडकलीय. गाईड सर म्हणतात ३८४ जणींचा सर्व्हे कर, गूगल फॉर्म पाठव, टक्केवारी काढ, पाय चार्ट लाव, झालं. रूममेट सायकॉलॉजीला आहे, ती म्हणते असल्या फॉर्ममधनं काही हाती लागत नाही, मुलाखती घे. मी २० जणींना फॉर्म पाठवून बघितला तर 'जाहिराती आणि रील्समुळे तुमची सौंदर्याची कल्पना बदलते का' याला १८ जणींनी 'नाही' टिक केलंय, आणि त्यातल्या निम्म्यांचे डीपी फिल्टरवाले 😅 मार्चमध्ये सबमिशन आहे आणि मला एसपीएसएस (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) येत नाही. काय करू सांगा.

आकडेबहाद्दर:
१८ जणी 'नाही' म्हणाल्या ना, मग फॉर्म फुकट नाही गेला. माणसाला वाटतं की जाहिरातीचा परिणाम बाकीच्यांवर होतो, आपल्यावर नाही. याला थर्ड पर्सन इफेक्ट म्हणतात, डेव्हिसन नावाच्या अभ्यासकानं १९८३ मध्येच मांडलंय. त्यामुळं 'तुमच्यावर परिणाम होतो का' असं सरळ विचारण्यात अर्थ नाही. तोच प्रश्न 'तुमच्या वर्गातल्या मुलींवर होतो का' असा विचारून बघ, आकडा कसा उलटतो ते.
आता ते ३८४. तो आकडा येतो ९५ टक्के विश्वासार्हता आणि ५ टक्के चूक धरून, पण तो रँडम सँपलसाठी, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखं कुणाचाही नंबर लागू शकेल अशा निवडीसाठी आहे गं. व्हॉट्सॅप ग्रुपवर फॉर्म फॉरवर्ड केला की ज्यांना वेळ आहे आणि ज्या तुझ्या ओळखीच्या आहेत त्याच भरतात, मग ३८४ काय आणि ४००० काय. आणि मेन घोळ 'प्रभाव' या शब्दात आहे. सर्व्हेत दिसलं की जास्त रील्स बघणाऱ्या मुली स्वतःच्या रंगावर नाराज आहेत, तरी कशामुळं काय झालं ते कळत नाही. आधीच नाराज असलेली मुलगीच तसले व्हिडिओ शोधत बसत असेल की.
फिजी बेटांवरचा अभ्यास वाच, अ‍ॅन बेकरचा, २००२ मध्ये छापलाय. तिकडच्या एका भागात १९९५ ला टीव्ही आला, तेव्हा लगेच एकदा शाळेतल्या मुलींना प्रश्नावली दिली आणि १९९८ ला परत दिली. खाण्याबद्दलची बिघडलेली वृत्ती मोजणाऱ्या त्या प्रश्नावलीत धोक्याच्या रेषेच्या वर स्कोअर असणाऱ्या मुली १२.७ टक्क्यांवरनं २९.२ टक्क्यांवर गेल्या. तरी त्या दोन वेळच्या मुली वेगवेगळ्या होत्या आणि तीन वर्षांत गावात बाकीही काय काय बदललं असणार, म्हणून तिनं नुसत्या आकड्यांवर भागवलं नाही, मुलींशी बोलली पण. आपल्याकडं टीव्ही नसलेलं गाव आता कुठनं आणणार.

स्टुडिओवाला_काका:
मी काय प्रोफेसर नाही बघा, अशोक चौकाकडं फोटो स्टुडिओ आहे, १८ वर्षं झाली. तुमचा विषय माझ्या काउंटरवर रोज येतोय. लग्नाच्या बायोडाटाचा फोटो काढायला मायलेकी येतात, फोटो स्क्रीनवर घेतला की मुलगी गप बसती आणि आई बोट लावून सांगती, हितं गळ्याकडं काळं दिसायलंय, जरा उजळ करा. चेहरा उजळला की हात काळे दिसतात, मग हात पण करा. एका मुलीनं म्हणलं होतं, काका राहू द्या, बघायला आल्यावर खरी दिसणारच आहे की मी. आई म्हणाली, आधी येऊ तर देत.
तर माझं म्हणणं एवढंच, तुम्ही मुलींना विचारायलाय, पण उजळ करा म्हणणारं माणूस दुसरंच आहे.

कोडिंगवाली:
काकांचं बरोबर आहे, त्या आईला सोडू नकोस. आणि तो बायोडाटाच बघ ना, त्यात 'वर्ण' असा रकानाच असतो, गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. पेपरातल्या वधू-वर जाहिराती तर वाचनालयात जुन्या फायलींत मिळतील. त्यावर कंटेंट अ‍ॅनालिसिस होऊ शकतं आणि त्याला एसपीएसएस लागत नाही, एक्सेलमध्ये भागतं. पण एकटीनं कोडिंग, म्हणजे एकेक नमुना ठरलेल्या गटात टाकणं, करू नको. रूममेटला बसव, दोघींनी तेच ५० नमुने वेगवेगळे कोड करा आणि 'कप्पा' (kappa), म्हणजे दोघींचं किती जुळतंय त्याचा आकडा, काढा, ०.६ च्या खाली आला तर व्याख्या परत लिहा. आमचं पहिल्यांदा 'गव्हाळ'वरच भांडण झालं होतं, माझ्या जोडीदारणीच्या मते तो गोऱ्यात, माझ्या मते सावळ्यात.
क्रीमच्या जाहिराती घेणार असशील तर वर्षं विचार करून निवड. २०१४ ला जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेनं, म्हणजे एएससीआयनं, काळ्या रंगाला कमी लेखू नका असे नियम काढले, आणि २०२० ला फेअर अँड लव्हलीचं ग्लो अँड लव्हली झालं. नुसता 'गोरेपणा' शब्द मोजलास तर तुला वाटेल सगळं सुधारलं. 'ग्लो', 'उजळ', 'डाग कमी' हे पण कोडबुकात घे, नाहीतर ते निसटणार.
फक्त एक, जाहिरात काय म्हणते ते यातनं कळतं, बघणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते नाही. त्यासाठी माणसांशी बोलावंच लागतं.

पूर्वभागातली:
मी मुलाखतींच्या बाजूची. आमच्याकडं घरी तेलुगू, शेजारी कन्नड, कॉलेजात मराठी. प्रश्नावलीत 'सौंदर्याचे निकष' असलं काहीतरी लिहिलंस तर मुली पेपर सोडवल्यासारखं उत्तर देणार. ग्रुपमध्ये बसवलंस तर एक बोलते, बाकीच्या माना डोलावतात, माझ्या वेळी असंच झालं, दोन तासांचं रेकॉर्डिंग आणि त्यात एकीचाच आवाज. त्यापेक्षा एकेकीला भेट आणि मोबाईलमधला असा फोटो दाखवायला सांग जो काढला पण टाकला नाही. का नाही टाकला एवढंच विचार आणि गप बस. माझ्या मुलाखतींतली एक मुलगी त्यावर ४० मिनिटं बोलली. बारीक ते जाड शरीराच्या आकृत्या दाखवून एक निवडायला सांगतात, त्या पट्टीच्या भानगडीत पडू नको, त्यात जाड-बारीक कळतं, रंग कुठंय त्यात. आणि फर्स्ट इयरच्या काही जणी १७ च्या असतात, त्यांना घ्यायचं तर आईवडिलांची लेखी परवानगी पण लागते.

होटगीरोडवाली:
सगळ्यांना थँक्यू खरंच. आज सरांना भेटले. 'प्रभाव' काढून टाकला, आता विषय 'स्थळासाठीचा फोटो: मुली, आया आणि उजळपणाची भाषा' असा केलाय, १५ मुलाखती आणि वधू-वर जाहिराती. सर बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले १५ कमी वाटतात, पाय चार्ट कशाचा लावणार? जाहिरातींचा लावते म्हणलं 😬
काका, तुमच्याकडचे आधीचे-नंतरचे फोटो बघायला मिळतील का?

स्टुडिओवाला_काका:
हार्डडिस्क नाही दाखवणार पोरी, लोकांच्या लेकी आहेत त्यात. रविवारी दुपारी ये, गिऱ्हाईक कमी असतं. कोण आलं तर आधी मी विचारतो, हो म्हणाले तर बस बाजूला.