शब्दचर्चा: पार्श्वसंगीत मागं वाजतं की बाजूला?

खडूवाला

आमच्या कोल्हापुरातल्या तालमीच्या, म्हणजे गल्लीतल्या मंडळाच्या, फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडं आहे, अक्षर बरं म्हणून. एरवी ‘उद्या पाणी येणार नाही’, ‘वर्गणी लवकर जमा करावी’ असला मजकूर. आम्ही सात-आठ जणांनी ठरवलं की महिन्यातनं एकदा तालमीच्या वरच्या खोलीत बसून सिनेमातलं संगीत ऐकायचं. गाणी नव्हेत, प्रसंगांखाली वाजतं ते. मी फळ्यावर लिहिलं: ‘रविवारी सायं. ६ वा. चित्रपटांचे पार्श्वसंगीत: श्रवण व चर्चा.’ हे प्रवचनासारखं वाटतंय हे लिहून झाल्यावर कळलं, पण तोवर खडू संपला होता.

सकाळी बघतो तर पोरांनी ‘संगीत’ तेवढं पुसून तिथं ‘भाग’ केलेलं. पेपर टाकणारा सायकल टेकून हसत उभा.

पुसताना मात्र विचार आला, ‘पार्श्व’ म्हणजे नक्की काय? पार्श्वभूमी मागं असते, पार्श्वभागही मागंच. मग पार्श्वसंगीत म्हणजे मागचं संगीत, म्हणजे बॅकग्राउंडचं सरळ भाषांतर? तसं असेल तर मला शब्द पटत नाही. काही सिनेमांत ते संगीतच पुढं असतं आणि नट मागं. आमच्यातली कॉलेजची पोरं सरळ ‘बीजीएम’ म्हणतात, बॅकग्राउंड म्युझिकचं लघुरूप. ‘बीजीएम कडक हाय’ एवढ्यात त्यांचं भागतं. दुसरा काही शब्द आहे का?

सहावी गल्ली

शब्द चांगला आहे, अर्थ तुम्ही चुकीच्या बाजूनं धरलाय. बाजूनंच म्हणतो, कारण पार्श्व म्हणजे बाजू. संस्कृतात पर्शु म्हणजे बरगडी, आणि बरगड्यांची जागा ती पार्श्व. म्हणजे कूस. पाठीला तिथं ‘पृष्ठ’ हा वेगळा शब्द आहे. वैद्यांचा पार्श्वशूल म्हणजे कुशीतली कळ, पाठदुखी नव्हे. योगासनं करणाऱ्यांना पार्श्वकोणासन माहीत असेल, त्यात अंग एका बाजूला झुकतं. आषाढीला झोपलेले विष्णू भाद्रपदातल्या शुद्ध एकादशीला कूस बदलतात, म्हणून तिला परिवर्तिनी म्हणतात आणि पार्श्व एकादशीही म्हणतात. तिथं ‘पार्श्व’चा अर्थ मागं घेतला तर देवाला पालथं घालावं लागेल.

मराठीत ‘पार्श्वभूमी’ रुळली आणि शब्द हळूहळू पाठीमागं सरकला. ‘पार्श्वभाग’ हे तर सभ्यपणाचं पांघरूण. नको तो अवयव म्हणायचा नाही म्हणून ‘बाजूचा भाग’ म्हटलं, आणि पुढं बाजूच त्या अवयवाला चिकटली. पोरांना दोष देऊ नका, चारशे पानी कोश चाळणाऱ्यालाही हाच अर्थ आधी सुचतो.

माझं म्हणणं एवढंच: पार्श्वगायक म्हणजे नटाच्या मागं लपलेला गायक नव्हे, नटाच्या शेजारी उभा राहिलेला. तसंच संगीताचं.

निपाणीकर

सर, आमच्याकडं दोन्ही भाषा चालतात म्हणून सांगतो. कन्नडमध्ये हिन्नेले संगीत म्हणतात. हिन्नेले म्हणजे मागची जागा, तिथं शंकाच नाही. पण यक्षगानात याहून झकास जोडी आहे. गाणारा भागवत आणि मद्दळे, चंडे ही तालवाद्यं वाजवणारे बसतात तो हिम्मेळ, आणि नाचणारे-बोलणारे तो मुम्मेळ. मागचा मेळ आणि पुढचा मेळ. दोघांनाही ‘मेळ’च म्हणतात, कुणी कमी नाही.

बंगालीत तर आबह संगीत. आबह म्हणजे वातावरण. मला हा सगळ्यांत आवडतो. जागा सांगतच नाही, काम सांगतो.

रंकाळ्यावरची

आपल्याकडं झील आहे की! शाहीर पुढं, झीलकरी मागं. शाहीर दम घ्यायला थांबला की ‘जी जी रं जी’ म्हणत सूर धरून ठेवतात. प्रसंग पडू द्यायचा नाही, हे पार्श्वसंगीताचंच काम झालं. आणि कोल्हापुरात शाहीर काय ते सांगायला नको.

कीबोर्डवाला

झीलसंगीत म्हणा, मला चालेल, पण आम्ही वाजवणारे असलं काहीच म्हणत नाही. आमच्यात ‘बॅकग्राउंड’ एवढंच. ‘बॅकग्राउंड कुणी दिलंय?’ असं विचारतो. देतात, करत नाहीत. आणि गाण्यात कडव्यांच्या मधे वाद्यं वाजतात तो ‘पीस’. ‘दुसरा पीस उचल’ म्हटलं की समजायचं. ही दोन वेगळी कामं आहेत, लोक एकत्र करतात.

रंकाळ्यावरची

दादा, याचाच घोळ आमच्या घरी झाला. २०१६ ला सैराट बघून आले आणि म्हटलं, काय पार्श्वसंगीत आहे! माझ्या डोक्यात ‘याड लागलं’च्या सुरुवातीची ती व्हायोलिनं. भाऊ म्हणाला, ते पार्श्वसंगीत नव्हे, ते गाण्याचं आहे. मग अमेरिकेत सोनीच्या स्टुडिओत शंभर भानगडी करून खराखुरा वाद्यवृंद बसवला, त्याला काय म्हणायचं?

कीबोर्डवाला

ताई, तुमचा भाऊ बरोबर आहे. गाण्याच्या अंगचं ते गाण्याचं, प्रसंगाखालचं ते पार्श्व. वाद्यवृंद दोन्हीकडं असू शकतो. आणि खरं सांगू? सैराटचं मला सगळ्यांत लक्षात राहिलं ते शेवटचं. पोर रक्ताची पावलं उमटवत बाहेर येतं तेव्हा काही वाजत नाही. एवढा मोठा वाद्यवृंद हाताशी असताना तिथं गप्प बसायला छाती लागते.

सहावी गल्ली

उलटंही झालंय. ‘सायको’ सिनेमातल्या न्हाणीघराच्या प्रसंगाला संगीत नकोच असं हिचकॉकचं मत होतं. संगीतकार बर्नार्ड हरमननं तरीही करून ऐकवलं, नुसती तंतुवाद्यं, आणि दिग्दर्शकानं मत बदललं. १९६० सालची गोष्ट. तो प्रसंग आज आठवला की आधी काय आठवतं, चाकू की ती किंचाळणारी व्हायोलिनं? म्हणून ‘मागचं’ या अर्थावर माझा आक्षेप.

खडूवाला

सर, आता खरी अडचण सांगतो. शोलेमध्ये जय पायरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवतो आणि समोर राधा एकेक दिवा मालवते. वाजवणारा तिथं दिसतोय. हे पार्श्वसंगीत की नाही? आमच्या खोलीत यावर तासभर वाद झाला, भजी गार झाली. एकाचं म्हणणं, पात्राला जे ऐकू येतं ते पार्श्व नव्हेच. दुसरा म्हणाला, मग गब्बर ठाकूरच्या घरी येतो तेव्हा करकरणारा झोपाळा कशात धरायचा? संगीत तर नाही, पण काम तेच करतो. मला त्या सिनेमातलं सगळ्यांत भीतीदायक वाद्य तोच झोपाळा वाटतो.

निपाणीकर

झोपाळ्याला मानधन द्या.

सहावी गल्ली

वाद मिटणार नाही, पण एक जुनी गोष्ट सांगतो. आपलं गाव मूकपटांचं. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली. सैरंध्री १९२० चा, सावकारी पाश १९२५ चा. मूकपट चालू असताना पडद्याजवळ पेटी-तबलेवाले बसून वाजवायचे, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत. पुढं १९२९ साली प्रभात इथंच निघाली आणि १९३२ ला अयोध्येचा राजा हा पहिला मराठी बोलपट आला. गोविंदराव टेंबे त्यात हरिश्चंद्र आणि संगीतही त्यांचंच. तेव्हा गाणं नंतर भरायची सोय नव्हती. नट कॅमेऱ्यासमोर गायचा आणि साथीदार चौकटीच्या जरा बाहेर, माइकला ऐकू जाईल पण कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बेतानं उभे राहायचे. म्हणजे बाजूला. अगदी कुशीला. शब्द त्यावरनं पडला असं मी म्हणत नाही हं, पण मला ‘पार्श्वसंगीत’ ऐकलं की तो तबलजीच दिसतो, चौकटीत पाय दिसू नये म्हणून आखडून बसलेला.

कीबोर्डवाला

सर, हे भारी सांगितलंत. आजही लग्नात आम्हाला स्टेजच्या बाजूलाच बसवतात, फोटोत येऊ नये म्हणून.

रंकाळ्यावरची

मग ‘ऑर्केस्ट्रा’वरही बोला कुणीतरी. मी बाबांना म्हटलं, पुण्याला ऑर्केस्ट्रा ऐकायला चाललेय, सिनेमाचं संगीत वाजवणार आहेत. पहिला प्रश्न, ‘मिमिक्री कोण करणार?’

कीबोर्डवाला

त्यांचं काय चुकलं? आपल्याकडं ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीतला. दोन गायक, एक गायिका, निवेदक, मधे मिमिक्री, आणि रात्री दहाला पोलीस येईपर्यंत फर्माईश. मी बारा वर्षं ‘ऑर्केस्ट्रात आहे’ असं सांगतोय, पण माझ्यासमोर व्हायोलिनचा एक माणूस कधी बसला नाही. तुम्ही म्हणताय त्याला वाद्यवृंद म्हणावं, म्हणजे गोंधळ नाही. आणि कंडक्टरला तर कंडक्टर म्हणूच नका. सिंफनीचा व्हिडिओ लावला होता, आई म्हणाली, तो काठीवाला कोण? म्हटलं कंडक्टर. ‘कुठल्या रूटचा?’

सहावी गल्ली

वृंदसंचालक म्हणा, केएमटीच्या बसशी संबंध सुटेल.

‘वृंद’ मात्र कालपरवाचा नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडं असलेल्या शार्ङ्गदेवानं संगीतरत्नाकरात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या समूहाला वृंदच म्हटलंय, आणि प्रतीही लावल्यात. उत्तम वृंदात मुख्य गायक ४, त्यांना साथ देणारे ८, गायिका १२, बासरीवाले ४ आणि मृदंगवाले ४. एकूण ३२ माणसं. म्हणजे त्याच्या वृंदात गाणारेच जास्त. त्या हिशेबानं तुमचा गणपतीतला ऑर्केस्ट्राच खरा वृंद ठरतो आणि नुसती वाद्यं वाजतात त्याला आवर्जून ‘वाद्य’वृंद म्हणावं लागतं. आकाशवाणीनं १९५२ साली दिल्लीत आपला वाद्यवृंद उभा केला, रविशंकर त्याचे संचालक होते. शब्द घरोघरी पोचला तो रेडिओमुळं, असं माझं मत.

निपाणीकर

आणि हलगी, घुमकं, कैताळ एकत्र वाजतात तेव्हा?

कीबोर्डवाला

त्याला नाव लागत नाही भावा. पाय आपोआप हलतात.

खडूवाला

सगळ्यांचे आभार. ‘बीजीएम’ मी फळ्यावर लिहिणार नाही, लिहिलं तर आमचे अध्यक्ष कुठली नवी पतसंस्था म्हणून विचारतील. ‘आबह’ सुंदर आहे, पण पोरं त्याचं काय करतील या भीतीनं हात थांबला. ‘पार्श्वसंगीत’ आता मला पटलंय, बाजूला बसलेला तबलजी डोक्यातनं जात नाही. पण प्रत्येक वाटसरूला बरगडीपासनं कुठं समजावत बसू?

म्हणून काल साधं लिहून आलो: ‘रविवारी ६ वा. सिनेमातलं संगीत, गाणी सोडून. चहा मिळेल.’

आज सकाळी खाली वेगळ्या अक्षरात होतं: ‘गाणी सोडून राहिलं काय? चहाच ना?’