शब्दचर्चा : अंतराळगाथेतल्या ‘स्पायमास्टर’ला मराठीत काय म्हणावे?

सातारकर

एका अंतराळगाथेतल्या, म्हणजे ‘स्पेस ऑपेरा’तल्या, खलपुरुषासाठी शब्द हवा आहे. शेकडो ग्रहांचे साम्राज्य आहे आणि हा त्याच्या हेरखात्याचा मुख्य आहे. स्वतः राजधानी सोडत नाही, पण प्रत्येक ग्रहावर याची माणसे पेरलेली आहेत. माणूस कामापुरता वापरतो आणि काम झाले की संपवतो. त्यात त्याला राग नसतो, आनंदही नसतो. समोर चार पर्याय आहेत : गुप्तहेर, महागुप्तहेर, हेरप्रमुख, सूत्रधार. शिवाय ‘रूथलेस’ला ‘क्रूर’ चालेल का?

वाईकर

पहिले दोन आधी बाद करा. गुप्तहेर म्हणजे सोंग घेऊन शत्रूच्या गोटात शिरणारा. तुमच्या पात्राला लपायची गरजच नाही, दरबारात सगळे त्याला ओळखतात. लपलेली आहेत ती त्याची माणसे. ‘महा’ लावल्याने हा फरक भरून निघत नाही, उलट पात्र पोरकट होते. ‘हेरप्रमुख’ अर्थाने बिनचूक आहे, बाई असो वा पुरुष, दोघांनाही चालतो. पण तो पाटीवरचा हुद्दा वाटतो, त्यात दहशत नाही.

दहशतीचे शब्द कौटिल्याच्या अर्थशास्त्रात भरपूर आहेत. तिथे हेराला ‘गूढपुरुष’ म्हटले आहे आणि त्यांचे दोन वर्ग केले आहेत. एका जागी ठाण मांडून बसणारे ते ‘संस्था’ : कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक आणि तापस, म्हणजे कपटी शिष्य, संन्यास सोडलेला, शेतकरी, व्यापारी आणि जटाधारी. फिरणारे ते ‘संचार’ : सत्री, तीक्ष्ण, रसद आणि भिक्षुकी, म्हणजे राजाने पोसलेला अनाथ, मारेकरी, विष देणारा आणि संन्यासिनी. फिरत्यांनी आणलेली बातमी बैठ्यांकडे जमा होते आणि तिथून ‘संज्ञालिपी’त, म्हणजे सांकेतिक लिपीत, पुढे जाते. एका संस्थेने दुसरीला ओळखता कामा नये. तीन ठिकाणांहून आलेली बातमी जुळली तरच ती खरी धरायची. तुमच्या साम्राज्याचे हेरखाते असे बांधलेत तर एक ग्रह फुटला तरी बाकीचे जाळे शाबूत का राहते, हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आणखी दोन शब्द जरूर उचला. ‘उभयवेतन’ म्हणजे दोन्हीकडून पगार खाणारा, आपण ज्याला डबल एजंट म्हणतो तो. अशा माणसाची बायकामुले मालकाने ताब्यात ठेवायची, असे तिथे सांगितले आहे. दुसरा ‘तूष्णींदंड’. ज्या हेराची बातमी वारंवार खोटी ठरते त्याला द्यायची शिक्षा ती. तूष्णीम् म्हणजे गुपचूप. ना चौकशी, ना दवंडी. तुमच्या खलपुरुषाची सगळी वृत्ती या एका शब्दात आहे.

एक खड्डा मात्र टाळा. वरचा ‘रसद’ म्हणजे रस देणारा, अर्थात विषप्रयोग करणारा. आपल्या रोजच्या मराठीत रसद म्हणजे फौजेचा दाणागोटा. ‘त्याने रसद पाठवली’ असे लिहिलेत तर वाचकाला धान्याच्या गोणी दिसतील. तिथे सरळ ‘विषकरी’ लिहा.

खानापूरकर

संस्कृतापर्यंत जायचे कारण काय? बहिर्जी नाईकांची समाधी आमच्याच तालुक्यात बाणूरगडावर आहे. शिवकाळ आणि पेशवाईतले शब्द या भागात अजून कानाला परके नाहीत : जासूद, हरकारा, नजरबाज, म्हणजे बातमीदार, निरोप्या, टेहळ्या. प्रमुखासाठी फारसी ‘सर’ लावायची रीतही जुनी आहे. सरनोबत, सरलष्कर, सरसुभेदार, आंग्र्यांचे सरखेल. त्याच चालीवर ‘सरहेर’ करा.

‘हेरनाईक’ही सुचेल, पण तो खलपुरुषाला देऊ नये असे माझे ठाम मत आहे. हेर आणि नाईक हे दोन शब्द शेजारी आले की इथल्या वाचकाच्या मनात जे नाव येते ते स्वराज्याचे आहे. तो मान साम्राज्याच्या मारेकऱ्याला जाऊ नये.

मिरजकर

जासूद की हस्तक, हे ठरवण्याआधी तुमच्या विश्वात बातमी कशी पोचते ते ठरवा. प्रकाशाला सूर्यापासून पृथ्वीवर यायला सुमारे ८ मिनिटे २० सेकंद लागतात. मंगळाचा संदेश अंतरानुसार साधारण ३ ते २२ मिनिटांनी मिळतो. सूर्याला सगळ्यांत जवळचा तारा प्रॉक्झिमा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे तिथल्या बंडाची बातमी रेडिओने निघाली तर सव्वाचार वर्षांची शिळी होऊन येणार.

त्यामुळे बहुतेक अंतराळगाथांत प्रकाशापेक्षा वेगवान याने असतात. मग दोन शक्यता उरतात. यान वेगवान, पण संदेश मात्र यानातूनच न्यावा लागतो, असे असेल तर ‘जासूद’ अगदी चपखल. जुन्या कागदांतला जासूद दोन्ही कामे करी : पत्र पोचवायचे आणि जाता-येता जे दिसेल ते टिपायचे. जासुदांची जोडी पाठवत. पण संदेश क्षणात पोचत असेल तर पत्र नेणाऱ्याचे कामच उरत नाही. तिथे ‘जासूद’ नुसता शोभेचा होतो. स्थानिक ‘हस्तक’ आणि पेरलेली माणसे पुरतात, आणि खात्याला ‘गुप्तवार्ता’ म्हणावे. आपल्या राज्य सरकारच्या विभागाचे नावही तेच आहे. या दोन काळांतले शब्द एकाच प्रकरणात मिसळू नका. हरकारा आणि गुप्तवार्ता विभाग शेजारी आले की विश्व विस्कटते.

सांगलीकर

‘सूत्रधार’ला माझी हरकत आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. त्यांच्या खेळात सूत्रधार सगळ्यांसमोर उभा राहून पदं म्हणायचा, गोष्ट पुढं न्यायचा. तुमचा माणूस पडद्याआड. आता वर्तमानपत्रांनी ‘कटाचा मुख्य सूत्रधार’ इतका वापरलाय, की तो शब्द वाचला की पोलीस कोठडीच आठवते. क्रियापद मात्र ठेवा : ‘सूत्रं हलवणं’. ते जिवंत आहे.

ऑपेरा शब्दामुळं कुणी ‘अंतराळसंगीतक’ केलं असेल तर तेही पुसा. ‘स्पेस ऑपेरा’ हे नाव १९४१ मध्ये विल्सन टकर या अमेरिकी लेखकानं ठोकळेबाज अंतराळकथांना नावं ठेवायला काढलं, ‘सोप ऑपेरा’च्या चालीवर. त्यात गाण्याचा संबंध नाही. तुम्ही वापरलेला ‘अंतराळगाथा’च बरोबर. ‘अवकाश’ही टाळाच, ‘अजून अवकाश आहे’ म्हणजे वेळ आहे असंही होतं.

आता ‘क्रूर’. क्रूर माणसाला दुसऱ्याच्या वेदनेत रस असतो, तुमच्या माणसाला तो नाही. व्युत्पत्तीनं ‘निर्घृण’ नेमका बसतो. संस्कृतात घृणा म्हणजे दयासुद्धा, म्हणून निर्घृण म्हणजे दया नसलेला. पण ‘निर्घृण हत्या’ छापून छापून तो रक्तानं माखलाय. माणसापेक्षा कृत्यालाच लागतो. स्वभावासाठी ‘निष्ठुर’ घ्या. लोकांच्या तोंडी घालायचं असेल तर ‘उलट्या काळजाचा’.

वाईकर

‘सरहेर’बद्दल एक अडचण. निवेदनात तो शोभतो, पण संवादात आजच्या कानाला शाळेतले ‘सर’ ऐकू येतात. ‘सरहेर, बातमी आली’ हे वाक्य मोठ्याने वाचून पाहा. खालच्या माणसांनी त्याला हुद्द्याने हाक मारूच नये. आपसात ते ‘थोरले’ म्हणतील : ‘थोरल्यांचा निरोप आहे.’ घरातल्या वडीलधाऱ्याचा शब्द इथे आल्याने अंगावर काटा येतो.

त्याच्या तोंडी सर्वनामही जपून घाला. ‘तू’ आणि ‘अरे’ने तो सामान्य गुंड होईल. ज्याचा तूष्णींदंड ठरला आहे त्याच्याशी त्याने ‘आपण’ने बोलावे : ‘आपण फार दमलेले दिसता. उद्यापासून आपल्याला काम नाही.’

सातारकर

मग असे ठरवतो. निवेदनात ‘सरहेर’, दरबारी उल्लेखात ‘हेरप्रमुख’, हस्तकांच्या तोंडी ‘थोरले’. या विश्वात संदेश यानांतूनच जातात, म्हणून जासूद राहील आणि गुप्तवार्ता जाईल. नमुन्याची वाक्ये :

‘सरहेराने दोन जासूदांना वेगवेगळ्या वाटांनी धाडले आणि दोघांनाही सांगितले, की दुसरा फितूर आहे.’

‘तिसऱ्या चंद्रावरच्या उभयवेतनाचे बिंग फुटले होते, पण थोरल्यांनी ते त्याला कळू दिले नाही.’

मिरजकर

वाक्ये चांगली आहेत. एक दुरुस्ती : ‘जासूदांना’ नव्हे, ‘जासुदांना’. गरीबचे गरिबाला, वकीलचे वकिलाला, तसे प्रत्यय लागताना सू ऱ्हस्व होतो. फितूरचेही फितुराला. प्रत्यय नसताना मात्र दीर्घच : ‘दोन जासूद आले’.

खानापूरकर

दुसऱ्या वाक्यात ‘उभयवेतनाचे’ वाचून पगाराबद्दल बोलणे चालले आहे असा भास होतो. पहिल्यांदा येताना ‘उभयवेतनी हस्तक’ लिहा. एकदा ओळख झाली की पुढे नुसते ‘उभयवेतनी’ पुरेल.