मदत हवी आहे: हीटेड सीटचा लाइट लागतो पण सीट गरम होत नाही

नमस्कार मंडळी,

आम्ही कॅनडात कॅलगरीला असतो, गाडी २०१५ ची जपानी सेडान. सध्या उणे २५ च्या आसपास चाललंय आणि नेमकी आत्ताच ड्रायव्हरच्या शेजारची सीट तापायची बंद झालीये. बटण दाबलं की लाइट लागतो, थोड्या वेळाने आपोआप जातो, सीट थंडगारच. ड्रायव्हरची मस्त चालतेय. बंद पडायच्या आधी कधी तापायची कधी नाही असं चाललं होतं आणि बसणारा जरा सरकून बसला की परत चालू व्हायची, त्यामुळे मला तरी आतली वायर कुठेतरी तुटल्याची शंका येतेय.

फ्यूज बघितला, चांगला आहे. बॅटरी कमजोर झाली की बऱ्याच गाड्या सीट हीटर स्वतःहून बंद करतात म्हणून तीही तपासली, इंजिन चालू असताना १४ व्होल्टच्या वर दाखवते, आणि बॅटरीचा प्रॉब्लेम असता तर दोन्ही सीट गेल्या असत्या ना? सीटखाली दोन-तीन कनेक्टर आहेत, त्यातला पिवळा एअरबॅगचा, त्याला अजिबात हात लावलेला नाही.

गॅरेजवाला म्हणतो खालची अख्खी गादी बदला, कारण सीटवर कोण बसलंय ते ओळखणारा सेन्सर त्या फोमसोबतच कॅलिब्रेट केलेला असतो. खर्च हजार डॉलरच्या वर. एक तापणारी वायर तुटली म्हणून एवढं सगळं फेकायचं हे काही पटत नाहीये.

घाई यासाठी की आई साताऱ्याहून आलीये, तिची कंबर थंडीत फार धरते आणि ती त्याच सीटवर बसते. तिला मधुमेह आहे, पायांना बधिरपणा आहे, म्हणून ऑनलाइन मिळणारा कुठलाही स्वस्त पॅड (सीटच्या कव्हरखालची तापणाऱ्या वायरची चटई) आणून बसवायची हिंमत होत नाहीये. नुसता पॅड बदलून कोणी घेतलाय का? काय काळजी घ्यावी?

प्रतिसाद १:
लाइट लागून जातोय म्हणजे मॉड्यूलला (हीटर चालवणाऱ्या कंट्रोल युनिटला) सर्किट तुटलेलं दिसत असणार, स्विच बहुतेक ठीक आहे. बऱ्याच गाड्यांत पाठीचा आणि खालचा पॅड सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेले असतात, एक तुटला की दोन्ही बंद. बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबा, मग हीटरचा कनेक्टर सोडवून मल्टिमीटरने दोन्ही पॅड वेगवेगळे मोजा. चांगला पॅड काही ओहम दाखवतो, तुटलेला ओपन, म्हणजे त्यातून करंट जातच नाही. एअरबॅगच्या वायरला मीटर लावू नका प्लीज! खालचाच पॅड जास्त वेळा तुटतो, लोक सीटवर गुडघा टेकवून मागचं सामान काढतात ना, तिथेच.

प्रतिसाद २:
बाहेरचा पॅड शेजारच्या सीटवर तरी नको. सेन्सरवर जाड थर आला की वजन चुकीचं वाचलं जातं आणि एअरबॅगचा निर्णय त्यावर असतो. पाठीतसुद्धा बाजूची एअरबॅग असेल तर कव्हरची शिवण ठरावीक जागी फाटायलाच केलेली असते, तिथे वरून काही शिवायचं नाही. तुमच्या मॉडेलचा मूळ पॅड वेगळा मिळतो का ते पार्ट नंबरवरून विचारा, काही गाड्यांचा मिळतो. आणि आईंसाठी एक, सीट दुरुस्त झाली तरी हीटर सगळ्यात कमी सेटिंगवरच ठेवा, थोडा वेळ चालवून बंद करा. बधिरपणा असला की चटका बसलेला कळत नाही, सीट हीटरने मधुमेही लोकांना भाजल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवल्यात. वर ब्लँकेट वगैरे तर घालूच नका, उष्णता आत कोंडते.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. मोजलं, पाठीचा २ ओहमच्या आसपास, खालचा ओपन. ती चटक्याची गोष्ट आईला वाचून दाखवली, तोवर तिला ड्रायव्हरमागच्या सीटवर बसवतोय, कमरेला शाल गुंडाळून. मूळ पॅडची चौकशी करतो. कॅलगरीत सेन्सरला धक्का न लावता सीटचं कव्हर काढून काम करणारं अपहोल्स्टरीवालं कोणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.