पोळ्यांच्या मावशींच्या मुलीची कॉलेजची फी भरायची आहे, कशी भरू?

सातपूरकर:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींची मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. सीईटी दिलीय, बी.फार्म करायचं म्हणते. वडील रिक्षा चालवतात, ओबीसी आहेत. मी रिटायर झालोय, मुलगा परदेशात. हिची चारही वर्षांची फी आपण भरायची असं आम्हा दोघांचं ठरलंय. थेट कॉलेजात भरावी की तिच्या खात्यावर टाकावी? पैसे भलतीकडे जातील अशी धाकधूक आहे, खोटं कशाला बोलू.

गोदाकाठ:
काका, चेकबुक जरा बाजूला ठेवा. २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही सवलत गेली. म्हणजे जी फी भरायला तुम्ही निघालात, तीच बहुतेक भरावी लागणार नाही.

खर्च निघतो तो इतरत्र. होस्टेल, मेस, एसटीचा पास, लॅबचा एप्रन, जर्नल्स. आणि कागद! नॉन-क्रिमिलेअर, जात पडताळणी, डोमिसाइल, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा सवलतीचा फॉर्म.

मी बारा-तेरा वर्षं अशा शिकणाऱ्या मुलांच्या पाठीशी असते. सातेक वर्षांपूर्वी पेठ तालुक्यातला एक मुलगा नाशिकला शिकायला होता. दर रविवारी फोनवर मी विचारायची, आज मेसला काय होतं? "वांगं-बटाटा." पुढच्या रविवारी वांगं-बटाटा. तिसऱ्या रविवारीही तेच ऐकल्यावर मी स्कूटर काढली. मेस त्याने केव्हाच सोडली होती. सकाळी वडापाव, रात्री खोलीवर मॅगी. सरकारी निर्वाह भत्ता आलाच नाही म्हणे. बँकेत गेलो तर कळलं, पैसे कधीचे आलेत, पण शाळेत असताना उघडलेल्या जुन्या खात्यात. आधार त्याच खात्याला जोडलेलं. त्याला ते खातं आठवतही नव्हतं. त्या पोराला देणगीदार होते बरं का, चांगले दोन. मेसला काय होतं, एवढंच त्यांनी कधी विचारलं नाही.

एमथ्रीचाबळी:
मी या गोष्टीतल्या पोराच्या बाजूचा. माझं इंजिनिअरिंग एका सद्गृहस्थांनी केलं. भले माणूस, एक हप्ता चुकवला नाही. पण दर सेमिस्टरला मार्कशीटची झेरॉक्स आणि सोबत हाताने लिहिलेलं आभारपत्र पाठवायचं, अशी रीत होती. एम-थ्रीत, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, बॅक राहिली आणि मी सहा महिने त्यांचा फोन उचलला नाही. क्लास लावायला त्यांनी पैसे नक्की दिले असते. मागायचं तोंडच नव्हतं.

तेव्हा काका, मार्क विचारा, पण हिशेब मागितल्यासारखे नको. आणि वाढदिवसाला तिला पाहुण्यांसमोर उभी करू नका.

जुनाजाणता:
माझे आजोबा पुण्यात वारावर जेवून शिकले. सात घरांतली पाच ते विसरले. मात्र कोणत्या घरी पंगतीत बसवलं आणि कोणत्या घरी मागच्या दाराशी पान मांडलं, हे ऐंशीव्या वर्षीही सांगायचे.

एक व्यवहाराची गोष्ट. सयाजीरावांनी १९१३ साली बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं तेव्हा दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, असं आधी ठरलेलं होतं. तुम्हीही आकडा आणि मुदत तिला आजच सांगून टाका. पुढच्या महिन्यात येतील की नाही, या घोरात अभ्यास होत नाही. पुण्यात प्रवेश मिळाला तर विद्यार्थी सहाय्यक समितीच्या वसतिगृहाची चौकशी करा. १९५५ पासून खेड्यापाड्यातल्या मुलांसाठी काम चालू आहे, कमवा आणि शिकाही आहे.

सातपूरकर:
सगळ्यांचे आभार. काल पोरीशीच बोललो. फी माफ होते हे तिला आधीच ठाऊक होतं! म्हणाली, "काका, दाखल्यांसाठी आईला तीनदा तहसीलला जावं लागलं, तीन दिवसांचे खाडे झाले. पैशांपेक्षा तुम्ही एकदा बरोबर याल का?" मी जरा ओशाळलोच. मेस आणि पासासाठी दरमहा ४,००० रुपये, चार वर्षं, असं तिला सांगून टाकलंय. सोमवारी सेतूत, म्हणजे दाखल्यांच्या सरकारी केंद्रात, जातोय. तिच्या वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव वेगळंच आहे. कुणाला अनुभव?

गोदाकाठ:
ओह, ते नेहमीचंच. दोन्ही आडनावं एकाच माणसाची असं प्रतिज्ञापत्र लागेल, आजोबांचा किंवा आत्याचा जुना दाखला सापडतो का तेही बघा. मूळ कागद आणि दोन-दोन झेरॉक्स ठेवा. सकाळी लवकर जा, दुपारनंतर सर्व्हरचा भरवसा नसतो. आणि डबा घेऊन जा, तिघांचा.